पॅकेज-सहीची किल्ली
पॅकेज-सहीची किल्ली : लिनक्सवर बसवायचे पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) मूळ निर्मात्याचेच आहे आणि वाटेत बदललेले नाही, हे निर्मात्याच्या अंकीय सहीवरून पडताळण्यासाठी लागणारी सार्वजनिक (सर्वांना खुली) किल्ली, रोजच्या बोलण्यात ‘जीपीजी की’. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, मोंगोडीबी या डेटाबेस-प्रणालींची नवी आवृत्ती हवी असल्यास ती निर्मात्याच्या स्वतंत्र भांडारातून (रिपॉझिटरी) घ्यावी लागते. त्या भांडाराची किल्ली उबुंटू या लिनक्स-प्रणालीबरोबर येत नाही, म्हणून ‘किल्ली सापडली नाही’ ही त्रुटी डेटाबेस बसवतानाच वरचेवर भेटते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत डेटाबेस प्रात्यक्षिकांना मायएसक्यूएल आणि मोंगोडीबी दोन्ही लागतात. म्हणजे निर्माते दोन आणि किल्ल्याही दोन.

नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयामुळे जलचिन्हाची कल्पना येथे सर्वांच्या परिचयाची आहे, पण ती उपमा अपुरी पडते. जलचिन्ह कागदाची ग्वाही देते, त्यावरील मजकुराची नाही. अंकीय सही मजकुरापासूनच काढलेली असते. एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही.

पूर्वपीठिका : फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे कूटलेखन व सहीचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले, त्याच धर्तीच्या मुक्त जीएनयूपीजीची (जीपीजी) १.० आवृत्ती १९९९ ची. आरपीएम (रेड हॅट, फेडोरा यांच्या परंपरेतील) पॅकेजांवर सही करण्याची सोय १९९० च्या दशकातच होती. डेबियन व उबुंटूवर पॅकेज बसवणाऱ्या एपीटी या साधनात पडताळणी केव्हा आली याबाबत दोन सनावळ्या आढळतात. काही जण २००५ ची उबुंटू ५.०४ धरतात, तर काही २००७ ची डेबियन ४.०. एपीटी मुळात डेबियनचे साधन असल्याने तिच्या स्थिर आवृत्तीचे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

आरपीएम आणि एपीटी या दोन्ही परंपरांत सहीची जागा वेगळी आहे. आरपीएममध्ये सही प्रत्येक पॅकेजवर असते, म्हणून त्रुटी बहुधा पॅकेज बसवताना येते. एपीटीमध्ये सही भांडाराच्या ‘इनरिलीज’ या फाइलवर असते. त्या फाइलमध्ये पॅकेज-यादीचे हॅश (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण) आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, अशी साखळी असते. त्यामुळे येथे ‘अपडेट’ करतानाच गाडी अडते.

त्रुटी व उपाय : ‘नो पबकी’ म्हणजे किल्ली सापडली नाही. मात्र ती फाइल जागेवर असूनही हा संदेश येऊ शकतो; एपीटी ज्या स्वतंत्र वापरकर्ता-खात्याने चालते त्याला ती वाचण्याची परवानगी नसली की असे होते. ‘वैध ओपनपीजीपी डेटा नाही’, म्हणजे फाइलमध्ये किल्ली आढळली नाही, असा संदेश आल्यास उतरवलेली फाइल उघडून पाहावी. प्रॉक्सीमागच्या (मध्यस्थ सर्व्हरमधून इंटरनेट मिळणाऱ्या) प्रयोगशाळेत किल्लीऐवजी लॉगिनचे पान जतन झालेले असू शकते.

मुदत संपणे हे दुसरे मोठे कारण. मायएसक्यूएलची जुनी किल्ली फेब्रुवारी २०२२ मध्ये संपली. ८.०.२८ पासून नवी किल्ली आली, तीही डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि ८.०.३६ पासून तिसरी वापरात आली. येथे निर्मात्याकडून चालू किल्ली घेऊन जुनी बदलणे एवढाच उपाय आहे.

किल्ली ओळखायची ती पूर्ण चाळीस अंकी (षोडशमान अंक, ० ते ९ आणि A ते F) ठशावरून, म्हणजे फिंगरप्रिंटवरून. आठ अंकी लघुओळख ३२ बिटांचीच असल्याने तशीच दुसरी किल्ली बनवता येते, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. जुन्या सूचनांत ज्या एसकेएस या सार्वजनिक किल्ली-सर्व्हरांवरून किल्ली मागवलेली दिसते, त्यांच्यावर २०१९ मध्ये बनावट सह्यांचा मारा झाला. त्यांचा सामायिक पत्ता २०२१ मध्ये बंद झाला. त्या सूचना आता चालत नाहीत.

एपीटीत किल्ली घालणारी ‘एपीटी-की’ ही आज्ञा निवृत्त करण्याचे कारण सुरक्षेचेच आहे. तिने घातलेली किल्ली सर्वच भांडारांसाठी विश्वासार्ह ठरे; मोंगोडीबीच्या किल्लीने मूळ प्रणालीच्या भांडारालाही ग्वाही देता आली असती. आता किल्ली ‘कीरिंग्ज’ निर्देशिकेत ठेवून भांडाराच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिचा मार्ग लिहितात. ‘ट्रस्टेड=येस’ किंवा ‘नोजीपीजीचेक’ लिहून पुढे जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; त्याने त्रुटी सुटत नाही, पडताळणीच बंद पडते. दुव्यावर एचटीटीपीएस आहे म्हणून सही नको, हे मतही ग्राह्य धरता येत नाही. एचटीटीपीएस फक्त वाट राखते. मिरर-सर्व्हरवरच (भांडाराची प्रत ठेवणारा सर्व्हर) फाइल बदलली गेली तर ते सहीवरूनच कळते.

घड्याळ : मदरबोर्डवरील सीमॉस बॅटरी संपलेल्या संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते. मग किल्ली ‘भविष्यात’ तयार झालेली दिसते. अशा वेळी आधी तारीख दुरुस्त करावी. किल्लीला हात लावावा लागत नाही.