वडोदऱ्याची लोकसंख्यावाढ आणि स्थलांतर : पार्श्वभूमी

शहराची लोकसंख्या तीन वाटांनी वाढते : मृत्यूंपेक्षा जन्म अधिक झाल्याने, बाहेरगावची माणसे येऊन राहिल्याने, किंवा शेजारची गावे हद्दीत घेतल्याने. वडोदऱ्याच्या इतिहासात दुसऱ्या वाटेचे महत्त्व मोठे आहे आणि ती वाट बहुतेक वेळा सरकारनेच मोकळी केलेली दिसते. आलेल्यांच्या पाण्याची, घरांची आणि शाळांची तजवीज मात्र एखाददुसरा अपवाद सोडला तर मागाहूनच झाली.

१७३४ मध्ये वडोदरा गायकवाडांच्या हाती कायमचे आले. त्यानंतर शिलेदार, कारकून, पुजारी आणि कारागीर अशी मराठी कुटुंबे येथे येत गेली, आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांना मराठी वळण लागले. आज ही घराणी स्वतःला पिढीजात बडोदेकर म्हणवतात व त्यात वावगे काही नाही, परंतु तीही दरबारच्या चाकरीमागे आलेली होती. १८७५ मध्ये गादीवर बसलेले सयाजीराव तिसरे हेच मुळी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेले. त्यांच्या अल्पवयात कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव कुंभकोणमच्या मराठी कुटुंबातले होते आणि येथे येण्यापूर्वी त्यांनी त्रावणकोर व इंदूरचे दिवाणपद सांभाळले होते. पुढे १८८१ चे बडोदा कॉलेज व १८९० चे कलाभवन यांमुळे विद्यार्थी आणि अध्यापकही परमुलखातून येऊ लागले.

नेमणूक मिळाली म्हणजे शहरात जागा मिळते असे नाही, हे मात्र १९१७ मध्ये फार कठोरपणे दिसले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर ठरलेल्या कराराप्रमाणे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा अस्पृश्यतेमुळे त्यांना राहायला घर मिळेना; पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले आणि ते मुंबईस परतले. नेमणुकीचा हुकूम महाराजांचा होता, पण घराचा दरवाजा उघडणे हुकमाच्या कक्षेत नव्हते.

वर ज्याला अपवाद म्हटले तो आजव्याचा तलाव. १८९० च्या सुमारास पूर्ण झालेली ही पाणीयोजना तीन लाख वस्ती डोळ्यांसमोर ठेवून आखली होती, आणि १८९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती होती १,१६,४२०. लगेच आलेल्या दशकाने हा अंदाज खोटा ठरवला असे कोणालाही वाटले असते. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० मध्ये पडलेल्या छप्पनिया दुष्काळाने संस्थानची लोकसंख्या २४ लाख १५ हजारांवरून १९ लाख ५३ हजारांपर्यंत खाली आणली, शहरही १,०३,७९० वर आले, आणि संस्थानला पूर्वीचा आकडा पुन्हा गाठायला १९३१ उजाडले. शहराची वस्ती तीन लाखांच्या जवळ पोहोचली ती १९६१ मध्ये. पाण्याचा विचार सत्तर वर्षे आधी झाला, हे नगरनियोजनात विरळाच घडते.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी विद्यापीठ स्थापन झाले, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत वारसिया भागात वाढली. पण वस्तीची खरी उसळी त्यानंतरची आहे. १९६२ मध्ये राज्य खत कंपनी, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी आणि १९६९ मध्ये पेट्रोकेमिकल्स कंपनी उभी राहिली. १९६१ मध्ये जवळपास तीन लाख असलेले शहर १९७१ मध्ये ४ लाख ६७ हजारांवर आणि १९८१ मध्ये ७ लाख ३४ हजारांवर गेले. म्हणजे लागोपाठ दोन दशके वाढीचा वेग ५६-५७ टक्के राहिला, तर देशाचा वेग या काळात २५ टक्क्यांच्या आसपास होता. या फरकात हद्दवाढीचा वाटा असला तरी निव्वळ जन्मांनी तो भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. कारखान्यात येणारा बहुधा तरुण असतो. तो एकदा स्थिरावला की त्याच्या घरी होणारी मुले जनगणनेच्या दृष्टीने शहरातच जन्मलेली असतात आणि त्यांची नोंद नैसर्गिक वाढीत होते. स्थलांतराचा परिणाम त्यामुळे कागदावर दिसतो त्याहून मोठा आणि लांबवर चालणारा असतो, तर प्रसूतिगृहे, बालवाड्या, शाळा यांची मागणी माणसे आल्यानंतर काही वर्षांनी वाढते.

धोरण या वाढीच्या मागोमाग आले. गुजरातचा नगररचना कायदा १९७६ चा, आणि वडोदरा शहरी विकास प्राधिकरण १९७८ चे, म्हणजे सर्वांत वेगवान दशक सरत आल्यावरचे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९७९ मध्ये झाला. परंतु त्याचे संरक्षण ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारापुरते होते, स्वतःहून गाडीत बसून आलेल्यासाठी नव्हते. १९९५ मध्ये राज्य सरकारने ठराव करून उद्योगांतील ८५ टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात असे म्हटले. स्वातंत्र्यापूर्वी बाहेरचा माणूस पारखून बोलावणाऱ्या शहरासाठी हा मोठाच बदल होता. संविधानाचे कलम १९ नागरिकाला देशात कोठेही जाण्याची व राहण्याची मुभा देते. त्यामुळे अशा अटी येणाऱ्याला थांबवू शकत नाहीत, फार तर त्याला कायम नोकरीऐवजी ठेक्याच्या कामाकडे ढकलतात.

मराठी भाषकांची बाजूही यातच येते. १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर एके काळचा राज्यकर्ता समाज भाषिक अल्पसंख्य ठरला. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे कलम ३५० अ सांगते, आणि वडोदऱ्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालतही आल्या. मात्र पालकांचा कल इंग्रजी व गुजराती माध्यमाकडे वळला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून अलीकडे आलेल्या कुटुंबांपुढेही माध्यमाचा हाच प्रश्न आहे, फक्त जुन्या घराण्यांची पुण्याई त्यांच्यापाशी नाही.

रेशनकार्ड देशभर चालावे यासाठीची योजना २०१९ पासून सुरू झाली, ही अलीकडची जमेची बाजू. पण लाभार्थ्यांचे हिशेब अजून २०११ च्या जनगणनेवर उभे आहेत. तेव्हा शहराची वस्ती साडेसोळा लाखांवर होती, आणि पुढची जनगणना २०२७ मध्ये ठरली आहे.