ॲलर्जीजन्य जुनाट खोकला

प्रौढांमध्ये 8 आठवड्यांहून आणि मुलांमध्ये 4 आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला जुनाट समजतात. ॲलर्जीत तो बहुधा नाकातून सुरू होतो. शेंब पुढे न येता घशामागे उतरतो, माणूस सारखा घसा खाकरतो, आडवा झाला की उबळ येते. दुसरा प्रकार खोकल्याच्या रूपातल्या दम्याचा. यात धाप नाही, छातीत घरघर नाही, फक्त रात्री-पहाटेचा कोरडा खोकला. छातीला नळी लावून काहीच ऐकू येत नाही, म्हणून निदान लांबते आणि घरात सिरपच्या बाटल्या साठतात. इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे श्वासनलिका सुजतात त्या इओसिनोफिलिक ब्राँकायटिसमध्ये तर फुंकण्याची चाचणीही निर्दोष येते. दोष सापडतो तो थुंकीतल्या पेशींत.

गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभ्या दगडाच्या भिंती ओल धरतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. गाद्या-उशांतले धूळकिडे जेमतेम 0.3 मिमी लांब. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. चवथीपूर्वी माळा झाडताना वर्षभराची धूळ एकदम अंगावर येते. अगरबत्ती नि फटाक्यांच्या धुरानेही खोकला येतो, पण ती जळजळ, ॲलर्जी नव्हे. गोळी घेऊन ती थांबत नाही.

दम्यासारखा दिसणारा आणखी एक आजार आपल्याकडे विसरू नये. हत्तीरोगाच्या जंतांच्या सूक्ष्म पिल्लांविरुद्ध शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया झाली की रात्रीचा खोकला सुरू होतो आणि रक्तातील इओसिनोफिल दर मायक्रोलिटरला 3,000 च्या वर जातात. यावर डायइथिलकार्बामाझिन हे औषध साधारण 3 आठवडे देतात.

ॲलर्जीचे नाव देण्याआधी क्षयरोग वगळावा लागतो. 2 आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासतात. आम्लपित्त आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ एनालाप्रिल, हीही कारणे असतात.

नाकाच्या ॲलर्जीवर स्टेरॉइडचा नाकातला फवारा आणि ॲलर्जीरोधक गोळ्या, दम्याच्या खोकल्यावर स्टेरॉइडचा इनहेलर. 'पंपाची सवय लागते' ही भीती घराघरांत आहे, ती निराधार आहे. मात्र गुण यायला काही आठवडे जातात, आणि ओढून झाल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी होते. माँटेलुकास्ट या दमा-ॲलर्जीवरच्या गोळीने क्वचित झोप नि मनःस्थिती बिघडते. त्वचाचाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवतात. निवडक रुग्णांना ॲलर्जीकारक पदार्थाच्या वाढत्या मात्रा 3 ते 5 वर्षे देऊन संवेदनशीलता कमी करतात.

अभ्रे-चादरी आठवड्याला 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतल्या तर किडे मरतात. कडक उन्हानेही मरतात, पण विष्ठा गादीतच राहते. म्हणून पाऊस ओसरल्यावर गादी झोडपायची ती अंगणात, आणि खोकणाऱ्याने नव्हे.