लडलो : इंग्लंडमधलं बाजाराचं गाव आणि ते बघायची पद्धत

लडलो हे इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला जवळजवळ चिकटून असलेलं श्रॉपशर परगण्यातलं जुनं गाव. टीम नदीच्या वळणावर एका टेकाडावर वसलंय, वस्ती साधारण १०,००० च्या आसपास, पण संरक्षित म्हणून नोंदलेल्या इमारती मात्र जवळपास ५००. अशा गावांना तिकडे मार्केट टाऊन म्हणतात आणि इंग्लंडभर ती शेकड्यांनी आहेत, त्यातली बरीचशी आता फक्त नावापुरती, बाजाराच्या चौकात गाड्या लावलेल्या असतात आणि बाजार कधीच उठलेला असतो. लडलोमधे तो अजून भरतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार, थेट किल्ल्याच्या दारासमोर. म्हणून मार्केट टाऊन ही काय भानगड आहे ते बघायचं असेल तर लडलोला जावं आणि बाजाराच्या दिवशीच जावं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मार्केट टाऊन म्हणजे काय

मध्ययुगात कुणीही उठावं आणि बाजार भरवावा असं चालायचं नाही. त्याला राजाची सनद लागायची, ती मिळवायची तिथल्या जहागीरदाराने किंवा मठाने, आणि मग आठवड्याचा वार ठरायचा, येणाऱ्या मालावर जकात, बसायच्या जागेचे पैसे, खोट्या वजनमापाचा दंड हे सगळं त्या मालकाच्या खिशात. त्यामुळे बाजार म्हणजे जहागीरदाराचं चालू खातंच होतं आणि शेजारच्याने जवळच दुसरा बाजार काढला की भांडण ठरलेलं. १३व्या शतकातल्या ब्रॅक्टन नावाच्या कायदेपंडिताच्या नावावर याचा एक मजेशीर हिशोब आहे: माणूस दिवसाला २० मैल चालतो, त्याचे तीन भाग करा, एक भाग बाजाराला जायला, एक खरेदीविक्रीला, एक उजेडात घरी परतायला, म्हणजे दोन बाजारांत किमान ६ पूर्णांक २ तृतीयांश मैल, आपल्या भाषेत पावणेअकरा किलोमीटर अंतर हवं. इंग्लंडच्या नकाशावर ही छोटी गावं ठराविक अंतरा-अंतराने पेरल्यासारखी का दिसतात त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

लडलो तर जवळपास आखूनच वसवलेलं गाव. ११व्या शतकाच्या शेवटी लेसी नावाच्या नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकलेल्यांपैकी एका घराण्याने वेल्सच्या तोंडावर किल्ला बांधायला घेतला आणि किल्ल्याच्या दारापासून पूर्वेकडे एक लांबरुंद बाजारपेठ सोडली, तिला काटकोनात उतरते रस्ते, रस्त्याकडेला तोंड करून अरुंद आणि मागे लांबलचक गेलेले प्लॉट. पैसा आला तो लोकरीतून. पलीकडच्या वेल्सच्या डोंगरात मेंढ्या, इथे व्यापारी, आणि लोकर लंडनमार्गे समुद्रापार.

बाजार आणि त्यातून झालेल्या गल्ल्या

आज कॅसल स्क्वेअरमधे जो बाजार भरतो तो म्हणजे त्या मूळ बाजारपेठेचा उरलेला एक तुकडा. किल्ल्याकडून निघून चर्चच्या दिशेने चालत जा, मोकळा चौक संपतो आणि एकदम अरुंद समांतर गल्ल्या सुरू होतात, हार्प लेन, मार्केट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, किंग स्ट्रीट, इतक्या अरुंद की समोरून डिलिव्हरीची व्हॅन आली तर भिंतीला चिकटावं लागतं. हा भाग आधी सगळा मोकळाच होता. बाजाराच्या दिवशी मधोमध ओळीने दुकानं लागायची, मग कुणीतरी मागे दोन खांब ठोकून ठेवले, मग छप्पर आलं, मग वर माळा आला आणि बघता बघता ओळीच्या ओळी पक्क्या झाल्या, आपल्याकडे स्टँडजवळची टपरी जशी हळूहळू शटरवाला गाळा होते अगदी तसं, फक्त इथे हे ७०० वर्षांपूर्वीचं अतिक्रमण आहे आणि आता त्याला वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे.

चौकात १८८७ च्या सुमाराला लाल विटांचा भलामोठा टाऊन हॉल बांधला होता, त्यात बाजार आत हलवला. १९८६ साली तो पाडला आणि बाजार परत उघड्यावर आला. व्हिक्टोरियन इमारत पाडली म्हणून हळहळणारे असतीलही, पण उघड्या चौकातली पट्ट्यापट्ट्यांची छतं आणि मागे किल्ल्याची भिंत हे दृश्य त्यामुळेच मिळालं, आणि माझ्या मते सौदा वाईट झाला नाही.

बाजारात काय मिळतं तर चीज, ब्रेड, भाजी, रोपं, अंडी, जुनी पुस्तकं, कपडे, आणि काही रविवारी जुन्यापान्या वस्तूंचा वेगळा बाजार लागतो. भाव करायची पद्धत नाही. जुन्या वस्तूंच्या टेबलावर दोन-तीन गोष्टी एकदम घेतल्या तर एखादा पाउंड सोडतील, पण भाजीवाल्याकडे घासाघीस केली तर तो नुसताच बघत राहील. दुपारी तीननंतर आवराआवर चालू होते, त्यामुळे सकाळीच पोचलेलं बरं.

चौकातून पुढे गेलं की बटरक्रॉस. १७४० च्या दशकातली दगडी इमारत, खाली खांबांवर मोकळी, वर घड्याळ आणि छोटा घुमट. खालच्या सावलीत शेतकऱ्यांच्या बायका लोणी विकायला बसायच्या म्हणून हे नाव. वरच्या खोल्यांत आता गावाचं छोटं म्युझियम आहे. इथून ब्रॉड स्ट्रीट खाली नदीकडे उतरतो आणि हा रस्ता म्हणजे लडलोचा खरा दागिना: वरच्या टोकाला लाकडी चौकटीची काळी-पांढरी घरं, खाली उतरावं तशी १८व्या शतकातली विटांची सरळ, शिस्तीत उभी घरं, आणि तळाला ब्रॉडगेट नावाची वेस. गावाला सात वेशी होत्या, त्यातली ही एकच शिल्लक, आणि वेशीच्या डोक्यावर लोकांनी घर बांधलंय. विटांच्या तोंडावर फार विश्वास ठेवू नका, कारण बऱ्याच घरांत पुढची भिंत तेवढी फॅशनप्रमाणे नवी करून आतला जुना लाकडी सांगाडा तसाच ठेवलाय. लाकडी कोरीवकामाचा कळस बघायचा तर बुल रिंगजवळचं फेदर्स हॉटेल, १६१९ साली एका वकिलाने राहतं घर म्हणून सजवलेलं, खानावळ नंतर झाली.

किल्ला

चौकातूनच किल्ल्यात शिरता येतं, दाराबाहेर क्रिमियाच्या युद्धात सेव्हस्टोपोलहून आणलेली एक रशियन तोफ ठेवलीय. तिकीट आहे. आतल्या जुन्या वाड्याला छप्पर नाही, १७व्या शतकाच्या शेवटी सरकारी कचेरी बंद झाल्यावर छपराचं शिसं आणि लाकूड निघून गेलं आणि नुसत्या भिंती राहिल्या. आतल्या वाड्यात १२व्या शतकातल्या चॅपलचा गोल भाग उभा आहे, असं गोल चॅपल इंग्लंडमधे फार थोड्या ठिकाणी दिसतं, तिथे जरा थांबावं.

इतिहास मात्र दाट आहे. १४५९ च्या ऑक्टोबरमधे यॉर्कच्या ड्यूकची फौज इथे लडफर्ड पुलापाशी राजाच्या फौजेसमोर उभी होती, रात्री त्यातलीच एक अनुभवी तुकडी फितूर झाली, ड्यूक आणि त्याची मोठी मुलं अंधारात पळाली, बायको आणि धाकटी पोरं गावातच राहिली आणि सकाळी राजाच्या सैनिकांनी गाव लुटलं. दोन वर्षांत डाव फिरला, ड्यूकचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला आणि १४६१ साली त्याने लडलोला स्वतःचा कारभार बघायची सनद दिली. त्याचा मुलगा याच किल्ल्यात वाढला, १४८३ च्या एप्रिलमधे बाप वारल्याची बातमी त्याला इथेच कळली, १२ वर्षांचा पोरगा पाचवा एडवर्ड म्हणून लंडनला निघाला, तिथे काकाने धाकट्या भावासकट त्याला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात ठेवलं आणि पुढे ते दोघे कुणाला दिसले नाहीत.

मग पुढच्या राजघराण्याचं, ट्यूडरांचं प्रकरण. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर नवी नवरी कॅथरिन हिला घेऊन १५०१ च्या हिवाळ्यात इथे राहायला आला आणि २ एप्रिल १५०२ ला, वयाच्या १५व्या वर्षी, इथेच गेला. विधवा कॅथरिनचं लग्न पुढे धाकट्या दिराशी, आठव्या हेन्रीशी झालं, त्या लग्नाच्या काडीमोडावरून इंग्लंड रोमच्या पोपपासून तुटलं, म्हणजे या पडक्या भिंतींमधल्या एका आजारपणाची किंमत सगळ्या युरोपने मोजली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

१६८९ पर्यंत वेल्स आणि सीमाभागाचा कारभार बघणारी राजाची कौन्सिल मुख्यतः इथून चालायची, म्हणजे खटले, वकील, अशील, खानावळी, सगळी वर्दळ. ती गेल्यावर गावाने हातमोजे शिवायचा धंदा धरला आणि श्रीमंत लोकांचं हिवाळ्यात येऊन राहायचं ठिकाण झालं.

आणि इथे आपला एक धागा लागतो. किल्ला १८११ साली सरकारकडून विकत घेतला तो पोविसच्या अर्लने, हा अर्ल म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा, जो लडलोचा खासदारही होता आणि १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर, टिपू सुलतान पडला तो याच्याच कारकिर्दीत. टिपूचा छापील कापडाचा तंबू आणि इतर लूट आजही वेल्समधल्या पोविस कॅसलमधे आहे. बापाने स्वतः १७७१ साली लडलोजवळच्या ब्रॉमफील्डची ओकली पार्क ही इस्टेट घेतली होती. भारतातून जाणाऱ्या माणसाने हे माहीत असू द्यावं, किल्ल्याच्या हिरवळीवर सँडविच खाताना हा पैसा कुठून आला हा प्रश्न पडायलाच हवा.

सेंट लॉरेन्स चर्च

गल्ल्यांच्या मागे दडलेलं, पण ४१ मीटरचा मनोरा दहा मैलांवरूनही दिसतो. लोकर आणि पामर्स गिल्ड नावाच्या धनाढ्य मंडळाच्या पैशावर १५व्या शतकात हे एवढं वाढलं, छोट्या गावाच्या मानाने फारच मोठं. आत गेलं की पुढच्या भागातल्या लाकडी खुर्च्यांकडे जा. या खुर्च्यांची बसायची फळी उचलली की खाली एक छोटा टेकू असतो, तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना हळूच टेकता यावं म्हणून, आणि त्याच्या खाली कोरीवकाम. अशा २८ आहेत. त्यातली एक शोधाच: एक बिअर विकणारी बाई, डोक्यावर त्या काळचं फॅशनेबल शिंगांचं शिरोभूषण, अंगावर बाकी काही नाही, हातात तिचं खोट्या मापाचं भांडं, आणि एक सैतान तिला खांद्यावर उलटी टाकून नरकाच्या उघड्या जबड्याकडे घेऊन चाललाय. दुसरा सैतान समोर पिशवीचं वाद्य वाजवतोय आणि तिसरा तिच्या पापांची यादी वाचतोय. बाजाराच्या गावातल्या देवळात सगळ्यात मोठं पाप कोणतं तर माप मारणं, यावरून गावाचा जीव कशात होता ते कळतं. मनोऱ्यावर चढता येतं, २०० पायऱ्या गोल गोल, गुडघे चांगले असतील तरच.

गावाबाहेर

डिनम पुलावरून नदी ओलांडली की व्हिटक्लिफ, गावाची सामाईक मोकळी टेकडी, दहा-पंधरा मिनिटांचा चढ आणि समोर किल्ला, मनोरा, छपरं असं सगळं गाव. काठाकाठाने ब्रेडवॉक नावाची पायवाट लडफर्ड पुलाकडे जाते, ती बांधणाऱ्या मजुरांना पैसे दिले तर दारूत जातील म्हणून पाव देत असत अशी गोष्ट सांगतात. इथलेच दगड अभ्यासून १८३० च्या दशकात मर्चिसन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने सिल्युरियन नावाच्या प्राचीन काळाची मांडणी केली, त्यामुळे भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका कालखंडाला जगभर लडलो असंच म्हणतात.

त्यापुढे मॉर्टिमर फॉरेस्ट. तिथली काही हरणं लांब केसांची आहेत, तशी दुसरीकडे सापडत नाहीत, पण दिसतीलच असं नाही. इंग्लंडमधे खासगी शेतातूनही सार्वजनिक पायवाटा जातात आणि त्यावरून चालायचा हक्क कायद्याने आहे, पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे-सायकलवालेही येणार. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा २०३ नंबरचा केशरी कव्हरचा नकाशा घ्या, रानात फोनला रेंज जाते. बूट वॉटरप्रूफ हवेत, उन्हाळ्यातसुद्धा, नुसत्या गवताच्या दवाने मोजे भिजतात.

ट्रेनने एक स्टेशन उत्तरेला क्रेव्हन आर्म्स, तिथून मैलभर चालत स्टोकसे कॅसल. नाव कॅसल असलं तरी हा खरं म्हणजे लोकरीच्या व्यापाऱ्याचा वाडा, लडलोच्या लॉरेन्सने १२९१ साली तटबंदीची परवानगी काढून बांधलेला. तो १२९४ मधे लोकर घेऊन जाणाऱ्या जहाजाबरोबर बुडाला, वाडा मात्र जवळपास जसाच्या तसा उभा आहे.

जायचं कसं, खायचं काय

लंडनहून थेट गाडी नाही, क्रूला किंवा न्यूपोर्टला बदलावी लागते. मँचेस्टर-कार्डिफ मार्गावरच्या गाड्या थांबतात, श्रूसबरीहून अर्धा तास, हेरफर्डहून त्याहून थोडं कमी. स्टेशनपासून बाजार चालत दहा मिनिटं, चढ आहे. बर्मिंगहॅमकडची मराठी मंडळी कारने एका दिवसात करून येऊ शकतात, पण बाजाराच्या दिवशी चौकाजवळ पार्किंग मिळायची आशा सोडा, गावाबाहेरचं पार्क अँड राइड, म्हणजे गाडी तिथे लावून बसने आत यायचं, ते बरं.

खाण्यासाठी गावाचं नाव आहे. १९९५ पासून सप्टेंबरमधे किल्ल्याच्या आवारात फूड फेस्टिव्हल भरतो, २००० च्या आसपास एवढ्याशा गावात मिशेलिन स्टारवाली तीन रेस्टॉरंट एकाच वेळी होती, आणि २००३ साली ब्रिटनमधलं पहिलं स्लो टाऊन म्हणून, संथ आणि स्थानिक जगण्याचा आग्रह धरणाऱ्या इटलीच्या चळवळीने याला घेतलं. सॉसेज प्रसिद्ध, हॅम-सफरचंद-कांद्याचा फिजेट पायही. शाकाहारी असाल तर बाजारातला ताजा पाव आणि चीज सगळ्यात भरवशाचं, केशरी रंगाचं श्रॉपशर ब्लू दिसेल, चव छान आहे पण ते मूळ स्कॉटलंडमधे १९७० च्या दशकात बनलं, नावावर जाऊ नका. पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळी सहाशिवाय उघडत नाही, त्यामुळे टेकडीवरून उतरायला उशीर झाला तर मधल्या वेळात टी-रूममधला स्कोनच.