कॉलर्डच्या पातेल्यात बेकन कसं आलं

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे व्हर्जिनियापासून खाली कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीपर्यंतच्या पट्ट्यात, ताटाच्या कडेला एक पालेभाजी असतेच असते. कॉलर्ड नावाचा रुंद, जाड, निळसर झाक असलेला हिरवा पाला. त्यात खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा, कांदा, जराशी सुकी लाल मिरची. मंद आचेवर तासभर, कधी दोन तास शिजवायचं आणि वाढताना वर व्हिनेगर शिंपडायचं. कृती एवढीच. पण ही भाजी नेमकी कोणाची, याचं उत्तर शोधायला गेलं की अमेरिकेचा सगळा अवघड इतिहास समोर येतो. पाला युरोपातून आला, डुक्कर स्पॅनिशांनी आणलं. पण या दोन्हींची भाजी केली ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी, आणि तेही निवड करायला फारसं काही हातात नसताना. माझ्या मते श्रेय द्यायचं तर ते त्यांनाच द्यायला हवं.

आधी पाल्याचं पाहू. कॉलर्ड आफ्रिकेतून आला असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, केल आणि कॉलर्ड ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची झाडं. मूळ भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवरचं. कोबीचा गड्डा बांधला जातो, कॉलर्डचा बांधला जात नाही; पानं मोकळीच राहतात. पोर्तुगालचा कोव्ह, काश्मीरचा हाक ही त्याचीच जवळची भावंडं. ब्रिटिश वसाहतवाल्यांबरोबर हे बी अमेरिकेत गेलं आणि दक्षिणेच्या हवेत असं रुजलं की तिथलंच होऊन बसलं. कोबी तिथल्या उन्हाळ्यात टिकत नाही, हा टिकतो. थंडीत तर आणखी चांगला होतो, कारण कडाक्याच्या गारठ्यात हे झाड पानांत साखर साठवतं. म्हणून जुने लोक अजूनही पहिलं हिमतुषार पडेपर्यंत पाला खुडत नाहीत. शिवाय झाड उपटावं लागत नाही. खालची पानं खुडत जायची, वर नवी फुटत राहतात. चार-सहा झाडांवर एका घराची महिनोन् महिने सोय होते. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा जेमतेम आणि वेळ त्याहून कमी, त्याच्यासाठी याच्याइतकं सोयीचं पीक दुसरं नव्हतं.

डुक्कर अमेरिका खंडात मूळचं नाही. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर डुकरं नेली. 1539 मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश मोहीमवीर फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर डुकरांचा छोटा कळप होता. तीन वर्षांत त्याचे शेकडो झाले. वाटेत सुटलेली रानात गेली. पुढे इंग्रज वसाहतींमध्ये डुकरं पाळायची रीत म्हणजे कानावर खूण करून जंगलात सोडून देणं. ओकची फळं खाऊन ती आपली आपण वाढत. गाईला कुरण लागतं, डुकराला लागत नाही, त्यामुळे दक्षिणेत गरिबाचंही मांस हेच आणि श्रीमंताचंही हेच.

डिसेंबर-जानेवारीची पक्की थंडी पडली की डुकरं कापली जात. मांसाच्या मोठ्या तुकड्यांना मीठ चोळून ते लाकडी पेटीत काही आठवडे ठेवत, मग धुरीच्या खोपटात टांगून हिकरीच्या लाकडाचा धूर देत. फ्रिज नसलेल्या काळात उन्हाळाभर मांस टिकवण्याचा हाच उपाय होता. एक खुलासा इथे करायला हवा. आज बेकन म्हटलं की पातळ कापलेल्या, कढईत कुरकुरीत होणाऱ्या पट्ट्या डोळ्यांसमोर येतात. एकोणिसाव्या शतकात बेकन म्हणजे खारवलेल्या डुकराचा जवळपास कुठलाही जाड, चरबीदार भाग. कापून पाकिटात भरलेलं बेकन ऑस्कर मेयर कंपनीने 1924 मध्ये बाजारात आणलं. ते सकाळच्या अंड्यांबरोबर गेलं. पातेल्यात मात्र हॅमचं, म्हणजे मांडीचं, हाड, गालफडाचं मांस आणि पाठीची खारवलेली चरबीच राहिली.

हे मांस गुलामगिरीतल्या माणसांपर्यंत शिध्याच्या रूपात पोचत असे. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मकथनात मेरीलँडमधल्या मळ्यावरचा शिधा लिहून ठेवला आहे: मोठ्या माणसाला महिन्याला 8 पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल (साधारण 35 लिटरचं माप) मक्याचं पीठ. म्हणजे साधारण साडेतीन किलो मांस, तेही महिनाभर उन्हात राबणाऱ्या माणसाला. लुइझियानात, पळवून नेऊन गुलाम केलेल्या सॉलोमन नॉर्थप यांना आठवड्याला साडेतीन पौंड बेकन आणि मका मिळायचा. यातलं बरंचसं मांस मळ्यावरचं नसायचंच. ओहायोतल्या सिनसिनाटीसारख्या शहरांत डुकरं कापून, खारवून, पिंपांत भरून ते नदीवाटे दक्षिणेला येई. शिध्यात पालेभाजी नाही, दूध नाही, फळ नाही. उरलेलं सगळं ज्याचं त्याने मिळवायचं.

ते मिळवलं झोपडीमागच्या वाफ्यात. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या भातमळ्यांत दिवसाचं ठरावीक काम उरकलं की उरलेला वेळ आपला असा रिवाज होता, तिथे या वाफ्यांना जरा बरे दिवस होते. इतरत्र रात्री किंवा रविवारी. व्हर्जिनियात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलोच्या घरातल्या खर्चाच्या वह्यांत 1805 ते 1808 या काळातल्या नोंदी आहेत. जेफरसन यांची नात ॲन कॅरी रँडॉल्फ हिने त्या ठेवल्या होत्या. त्यात मालकाच्या घराने आपल्याच गुलामांकडून काकड्या, कोबी, अंडी विकत घेतल्याचं नाव-पैशांसकट दिसतं. ज्या माणसांची मालकी कागदावर दुसऱ्याची होती, ती माणसं त्याच मालकाला भाजी विकत होती. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण तो या माणसांकडे नुसतं शिध्यावर जगणारे म्हणून पाहू देत नाही. ते शेतकरी होते.

आणि शिजवायचं कसं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पश्चिम आफ्रिकेत पालेभाज्यांचं दाट कालवण ही रोजची गोष्ट होती, आजही आहे. भरपूर पाला, त्यात धुरी दिलेल्या किंवा सुकवलेल्या माशाचा वा मांसाचा थोडा अंश, मिरची, आणि रस टिपून घ्यायला पिठाचा घट्ट गोळा. अटलांटिकपलीकडे आल्यावर पाला बदलला, सुक्या माशाच्या जागी बेकन आलं, गोळ्याच्या जागी मक्याची भाकर आली. रचना तीच राहिली. इंग्रजी पद्धतीत भाजी उकडायची, पाणी ओतून द्यायचं आणि मांस वेगळं वाढायचं. इथे मांस हे भाजीचा मसाला आहे. कोकणात वांग्याच्या भाजीत मूठभर सुकट पडते तसं. कोणी त्या सुकटीला मुख्य पदार्थ म्हणत नाही, पण ती नसेल तर भाजी ओळखू येत नाही.

मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरातही चूल काळ्या बायकांच्याच हातात होती, त्यामुळे ही रीत गोऱ्यांच्या टेबलावर पोचायला वेळ लागला नाही. 1824 मध्ये मेरी रँडॉल्फ यांच्या व्हर्जिनियातल्या प्रसिद्ध पाकपुस्तकात सलगमचा कोवळा पाला मिठाच्या पाण्यात उकडायला सांगितला आहे, आणि पुढे म्हटलं आहे की व्हर्जिनियाच्या पद्धतीने बेकनबरोबर शिजवला तर तो आणखी चांगला लागतो. तो मात्र वीसेक मिनिटांत होतो. ‘व्हर्जिनियाची पद्धत’ असं छापलं गेलं. ती पद्धत ज्यांची होती त्यांचं नाव छापलं गेलं नाही.

प्रत्यक्ष पातेल्याजवळ उभं राहिलं की या पद्धतीमागची जाण कळते. आधी मांस नुसत्या पाण्यात तास-दीड तास उकळून घ्यायचं, म्हणजे मीठ, धूर आणि हाडातला चिकटपणा पाण्यात उतरतो. एडना लुइस ही व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनची थोर स्वयंपाकीण. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेलं हे गाव, तिचे आजोबा त्या पहिल्या लोकांतले. तीही असंच करायची: आधी धुरी दिलेल्या मांसाचं पाणी, मग त्यात पाला. पाला दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, कारण पानांच्या चुण्यांत रेती बसते. मधली जाड शीर काढून पानं गुंडाळून चिरायची. पातेलं काठोकाठ भरतं आणि दहा मिनिटांत निम्म्यावर येतं. या कुळातल्या भाज्यांना गंधकयुक्त द्रव्यांमुळे कडवटपणा असतो. मीठ तो कडूपणा जिभेला कमी जाणवू देतं, चरबी त्याची धार बोथट करते. व्हिनेगर आधी घातलं तर आंबटाने हरितद्रव्य बिघडून पाला लवकर मळकट होतो, म्हणून ते शेवटी, ताटात. चरबीचा आणखी एक फायदा आज आपल्याला ठाऊक आहे: पानांतलं ‘के’ जीवनसत्त्व आणि ‘ए’चं मूळ द्रव्य शरीरात मुरायला स्निग्धांश लागतो.

खाली जो हिरवट, खारट, तवंग आलेला रस उरतो त्याला पॉटलिकर म्हणतात. पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व, पोटॅशियम बरंचसं त्यातच उतरतं. दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या सांगतात की मालकाच्या टेबलावर पाला जायचा आणि हा रस स्वयंपाकघरात राहायचा. तो मुलांना मक्याच्या भाकरीबरोबर दिला जायचा.

1865 मध्ये गुलामगिरी गेली, तरी वाफा सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुळांना कित्येक ठिकाणी घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूसच लावावा लागे. मग जेवण म्हणजे मक्याचं पीठ, पाठीची चरबी आणि काकवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत पेलाग्रा या रोगाने थैमान घातलं. त्वचा सोलपटते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमिष्ट होते. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून केलेल्या कामातून दाखवलं की हा संसर्ग नाही, निकृष्ट आहार आहे. हा रोग काळ्या-गोऱ्या दोन्ही गरिबांना झाला. बेकन आणि मका तेव्हाही घरात होता. वाफा, गाय, परसातली चार झाडं, हे नव्हतं.

याच काळात पॉटलिकरवर एक मोठा सार्वजनिक वादही झाला. 1931 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग यांनी मक्याची भाकर रसात बुडवून खावी असं ठासून सांगितलं. ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या वर्तमानपत्राने ती कुस्करूनच खावी अशी बाजू घेतली. तीनेक आठवडे पत्रांचा पाऊस पडला. तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर असलेले फ्रँकलिन रूझवेल्टही त्यात उतरले. पुढे जून 1935 मध्ये सिनेटमध्ये विधेयक अडवण्यासाठी लाँग पंधरा तासांहून जास्त बोलले, तेव्हा त्यांनी पॉटलिकरची कृतीही सभागृहात सांगितली. या वादात मिरवलेली सगळी मोठी मंडळी गोरी होती, हे मला विसरता येत नाही.

साधारण 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला गेले. भाजी त्यांच्याबरोबर गेली. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सिल्व्हिया वुड्स यांनी 1962 मध्ये खानावळ काढली, आणि त्याच दशकात या जेवणाला ‘सोल फूड’ म्हणू लागले. घरच्या जेवणाचा अभिमान असा उघडपणे मिरवला जाऊ लागला, आणि त्याच वेळी आतूनच विरोधही झाला. ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेचे नेते एलिजा मुहम्मद यांनी डुकराचं मांस तर निषिद्ध ठरवलंच, पण गुलामगिरीची खूण म्हणून हे जेवणच टाकून द्या असं सांगणारेही होते. त्यांचा राग मला समजतो. तरी भाजीचा दोष मला दिसत नाही. उलट त्या शिध्यातून जगण्याजोगं काही उभं करणाऱ्यांची ती कमाई आहे. पुढे रक्तदाबाच्या आणि धर्माच्या कारणाने कित्येक घरांत बेकनच्या जागी धुरी दिलेलं टर्कीचं मांस आलं. धूर राहिला, चरबी गेली. नव्या उपाहारगृहांत बेकन कुरकुरीत तळून त्याच चरबीत बारीक चिरलेला पाला पाच मिनिटं परततात. चव चांगली असते, पण रस उरत नाही.

वर्षाच्या पहिल्या दिवशी ही भाजी अजून घराघरांत होते, चवळीबरोबर. पाला म्हणजे नोटा, चवळी म्हणजे नाणी, अशी समजूत आहे. दक्षिण कॅरोलिनाने 2011 मध्ये कॉलर्डला राज्याची भाजी ठरवलं. अटलांटा, रॅली-डरहॅम भागातल्या मराठी घरांत हाच पाला अळूच्या पानांना पर्याय म्हणून वड्यांसाठी आणला जातो. बेसन लावायला पान मोठं मिळतं आणि खाजत नाही.

बियांची गोष्ट मात्र काळजीची आहे. बाजारात दोन-चारच वाण मिळतात. घरोघरी राखलेले निराळे वाण, पूर्व नॉर्थ कॅरोलिनातला पिवळसर, गोडसर कॉलर्ड त्यातला नावाजलेला, बहुतेक म्हाताऱ्या लोकांच्या परसात उरले होते. एडवर्ड डेव्हिस आणि जॉन मॉर्गन या भूगोलाच्या दोन प्राध्यापकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिणेत गावोगाव फिरून असं बी गोळा केलं आणि सरकारी बीजसंग्रहात जमा केलं. त्यातले काही वाण आता हौशी शेतकरी पुन्हा लावू लागले आहेत.