उपवासाचे पदार्थ

व्रताच्या दिवशी तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी-कडधान्ये आणि कांदा-लसूण बाजूला ठेवून जे रांधले आणि खाल्ले जाते, त्याला महाराष्ट्रात उपवासाचे किंवा फराळाचे पदार्थ म्हणतात. एकादशी, संकष्टी चतुर्थी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि नवरात्र हे त्यांचे मुख्य दिवस. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, श्रावणी सोमवारचा बहुतेक घरांत संध्याकाळी, तर एकादशीचा दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणे करून. हरतालिकेला काही बायका पाण्याचा थेंबही घेत नाहीत. तो निर्जळी उपवास या नोंदीत येत नाही. इथे विषय आहे तो खाऊन करायच्या उपवासाचा.

नियमांची चौकट

व्रतात काय चालते याची जुनी चौकट बरीच सैल आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. हविष्यान्नाच्या याद्यांत जव, तांदूळ, मूग, तीळही सापडतात. म्हणजे धान्य पोटात गेले की उपवास मोडला, हा आजचा सरसकट नियम सगळ्या व्रतांना लागू नव्हता. एकादशीला मात्र अन्न वर्ज्यच. वारकऱ्यांनी ती कडक पाळली आणि एकादशीला जेवणाऱ्यांबद्दल तुकोबांनी अभंगात वापरलेली भाषा आज जेवणाच्या पंगतीत उच्चारण्याजोगी नाही.

दुसरा निकष कष्टांचा आहे. ऋषिपंचमीला, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीला, बैलाच्या श्रमाचे खायचे नाही असा दंडक आहे. मग परसात हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले अळू, माठ, सुरण, भोपळा एकत्र करून ऋषीची भाजी होते. अरण्यात राहणाऱ्या ऋषींचे नीवार, म्हणजे रानातला तांदूळ, आणि श्यामाक, म्हणजे सावा, ही तृणधान्ये याच विचाराने शुद्ध मानली गेली. वरी हे गवताच्या कुळातले अस्सल धान्य असूनही तिला उपवासाचा परवाना आहे, तो या ओळखीवर.

वनस्पतिशास्त्र घेऊन या यादीकडे गेले तर फार काळ टिकाव लागत नाही. डाळी चालत नाहीत, पण शेंगदाणा हा तूर-हरभऱ्याच्याच कुळातला असून उपवासाचा निम्मा भार तोच उचलतो. मोहरी नाही, जिरे आहे. हळद नाही, आले आहे. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही जमिनीखालची.

अमेरिकेहून आलेला फराळ

आजच्या उपवासाच्या ताटातले निम्म्याहून अधिक जिन्नस पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतात नव्हते. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतला, शेंगदाणा त्याच खंडाचा, रताळे आणि मिरची अमेरिकेचीच, लाल भोपळाही तिकडचा. फळांत पेरू, पपई आणि चिकू हे तिघेही अमेरिकन. ज्या टॅपिओकापासून साबुदाणा होतो तो कंद मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. जुन्या ताटातले म्हणावे असे उरतात ते वरी, शिंगाडा, सुरण, केळी, नारळ, खजूर, आमसूल, जिरे आणि दूध-दही-तूप. तुकोबांच्या देहूत दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी असणे शक्यच नव्हते.

पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेल्या या पिकांना व्रताच्या ताटात इतक्या सहज जागा कशी मिळाली? जुन्या नियमांत मूळ आणि फळ असे वर्ग होते. बटाटा, रताळे आणि टॅपिओका ‘मूळ’ या दारातून आत आले. शास्त्रकारांना ती माहीतच नव्हती, म्हणून त्यांची नावे निषेधाच्या यादीतही नव्हती. नवे असणे ही सोय झाली, अडचण नव्हे. उलट ज्वारी आणि बाजरी मूळच्या आफ्रिकेतल्या असल्या तरी हजारो वर्षांपूर्वी येऊन रोजची भाकरी बनल्या होत्या, त्यामुळे त्या धान्यात मोजल्या गेल्या आणि उपवासातून बाहेर राहिल्या. बाहेरून आलेले की इथले, हा प्रश्न या यादीत कोणी विचारलेला दिसत नाही. रोजचे की वेगळे, एवढेच पाहिले गेले.

राजगिऱ्याची गोष्ट यात सगळ्यांत सुरस आहे. दाण्यासाठी लावला जाणारा राजगिरा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक त्याच्या पिठात मध किंवा घायपाताच्या जातीतल्या वनस्पतीचा पाक घालून देवांच्या मूर्ती घडवत आणि उत्सवानंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. १५२१ मध्ये ॲझ्टेक राजधानी पडल्यावर स्पॅनिश धर्मगुरूंना हा प्रकार आपल्या पवित्र भाकरीच्या विधीची विटंबना वाटला आणि या पिकाला उतरती कळा लागली. तिकडे धर्मामुळे मागे पडलेले धान्य इकडे धर्मामुळे घरोघर पोचले. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा तिथल्या गुळाच्या पाकात घालून वड्या थापतात. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ती वडी ठेवली तर कोणती कुठली हे सांगणे कठीण जावे.

साबुदाणा

मूळ साबुदाणा वेगळाच. न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांच्या बाजूला सागो नावाचा ताड दलदलीत वाढतो. त्याच्या खोडातला गर कुटून, धुऊन जो स्टार्च निघतो त्याचे दाणे म्हणजे खरा सागो. भारतात आज विकला जाणारा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो. हा कंद पोर्तुगीजांनी केरळात आणला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत तांदळाच्या तुटवड्यावर उपाय म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा सागो थांबला, आणि १९४०च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. देशातला बहुतेक साबुदाणा अजूनही त्याच पट्ट्यातून येतो. सेलममध्ये कारखानदारांची सहकारी संस्था आहे, सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिथल्या मालाचे मोठे गिऱ्हाईक महाराष्ट्र आहे.

कारखान्यात कंद सोलून, धुऊन किसतात. पाण्याबरोबर त्याचे दूध गाळून घेतात आणि टाक्यांत निवळू देतात. तळाशी बसलेला ओला स्टार्च फोडून हेलकावे देत राहिले की त्याच्या गोळ्या वळल्या जातात. त्या चाळून, तापल्या तव्यावर परतून, मग उन्हात वाळवतात. परतण्याऐवजी वाफवले की नायलॉन साबुदाणा होतो. कच्च्या टॅपिओकात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. किसणे, धुणे आणि वाळवणे यांत ती निघून जातात. साबुदाणा मांसाहारी असल्याचे जे निरोप मोबाइलवर फिरतात त्यांत उघड्या टाक्यांचे वर्णन असते. जुन्या कारखान्यांच्या स्वच्छतेबद्दल तक्रार करायला जागा होती, पण दाणा हा केवळ वनस्पतीचा स्टार्च आहे.

खिचडी बिघडण्याची कारणे या घडणीतच आहेत. तव्यावर परतताना दाण्याचे बाहेरचे कवच थोडे शिजते, आतला स्टार्च कच्चा राहतो. दोन-तीनदा धुऊन वरची पूड काढली नाही तर ती भिजवणाच्या पाण्यात विरघळल्यासारखी होऊन दाणे एकमेकांना चिकटवते. मग पाणी निथळून, दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने ओल ठेवून चार-पाच तास झाकायचे. दाणा चिमटीत दाबला की सहज मोडला पाहिजे. आत कणी लागली तर पाण्याचा शिपका मारून थांबावे. एक वाटी साबुदाण्याला अर्धी ते पाऊण वाटी कूट लागते. कूट चवीला तर असतेच, शिवाय ते दाण्याभोवती बसून वरची ओल शोषते आणि दोन दाण्यांमध्ये तेलकट पडदा धरते. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पारदर्शक होतो. तिथेच थांबावे. त्यापुढे परतत राहिले की दाणे फुटून गोळा होतो. निवलेली खिचडी वातड होते, कारण फुगलेल्या स्टार्चचे रेणू गार होताना पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात. वाफ दिली की ती बऱ्यापैकी सैल होते. साबुदाणा वडा तेलात फुटतो तोही पाण्यामुळेच: आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की वडा उडतो. म्हणून वड्याचा साबुदाणा नीट निथळलेला आणि बटाटा कोरडा उकडलेला हवा.

पोषणाच्या दृष्टीने साबुदाणा गरीब आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून सुमारे ३५० कॅलरी मिळतात आणि प्रथिने १ ग्रॅमसुद्धा नसतात. शेंगदाण्यात ती वजनाच्या सुमारे २५ टक्के असतात, त्यामुळे खिचडीतला खरा आहार म्हणजे कूट. मधुमेह असलेल्यांनी साबुदाण्यापेक्षा वरी किंवा राजगिरा जवळ करावा हे बरे. खिचडी मात्र आता उपवासाची राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत ती रोज सकाळी पोह्यांच्या शेजारी असते, आणि इंदूरच्या सराफ्यात वाफेवरच्या साबुदाण्यावर फराळी चिवडा आणि लिंबू घालून रात्री उशिरापर्यंत विकतात. तैवानहून जगभर गेलेल्या बोबा चहातले काळे मणी टॅपिओकाच्याच स्टार्चचे असतात.

बाकीचे ताट

वरीचा भात आणि दाण्याची आमटी ही जोडी खिचडीपेक्षा जास्त जेवणासारखी लागते. आमटीत आमसूल, गूळ, हिरवी मिरची आणि तुपात जिऱ्याची फोडणी. तिला उकळी फुटली की दाण्याचे तेल वर येते. साबुदाणा, वरी आणि राजगिरा भाजून दळलेल्या भाजणीचे थालीपीठ, रताळ्याचा किंवा बटाट्याचा कीस, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, भोपळ्याचे दह्यातले भरीत हे नेहमीचे. महाशिवरात्रीला कवठ-गुळाची चटणी हवीच, कारण कवठे तेव्हाच पिकतात. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा वाळवलेला कीस आषाढीपर्यंत पुरवायचा असतो; पोरे तो तसा पुरू देत नाहीत.

कोथिंबीर चालते का, यावर मराठी घरांत एकमत नाही. लाल तिखट काही घरांत चालते, काहींत फक्त हिरवी मिरची. मीठ साधे की शेंदेलोण हाही घराघराचा प्रश्न. उत्तर भारतात नवरात्राच्या उपवासाला टोमॅटो आणि कुट्टूचे पीठ सर्रास चालते. तमिळनाडूत भात टाळून रव्याचा उपमा खाणारी घरे आहेत. आपल्याकडे रव्याचे नाव काढले तरी उपवास मोडला म्हणतील. चहाला मात्र कोणीच हरकत घेतलेली नाही.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण या सगळ्यावरची घरगुती टीका आहे आणि ती रास्त आहे. ‘एकादशीच्या घरी शिवरात्र’ हिचा रोख वेगळा: जिथे आधीच चूल थंड, तिथे दुसरा उपाशी आशेने जातो. पहिली म्हण भरल्या घरातली, दुसरी रिकाम्या.

भगरीची विषबाधा

वरी कांडून, पॉलिश करून विकली जाते ती भगर. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, अकोले, जव्हार या डोंगराळ भागांत आदिवासी शेतकरी वरी पिकवतात आणि नाशिकमध्ये तिच्या गिरण्या आहेत. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला भगर खाऊन उलट्या, चक्कर आणि हातपाय थरथरणे अशी लक्षणे दिसल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात एकादशीच्या भगर-आमटीच्या सामूहिक फराळानंतर शेकडो भाविकांना बाधा झाली.

असे प्रकार घडतात तेव्हा संशय बहुधा बुरशीवर असतो. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर ॲस्परजिलससारख्या बुरशी वाढतात आणि त्यांची विषे शिजवल्याने सहजासहजी नष्ट होत नाहीत. पिठाला पृष्ठभाग जास्त असल्याने ते आणखी लवकर ओल धरते. म्हणून अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी सूचना काढते: सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा, तयार पीठ आणण्याऐवजी भगर निवडून, स्वच्छ करून लागेल तेवढीच दळा, आणि मागच्या उपवासाची उरलेली भगर पुढच्या उपवासाला वापरू नका. कुबट वास आला किंवा दाण्यावर काळपट-हिरवट छटा दिसली तर ती धुऊन वापरण्याचा विचारही करू नये.