डेलावेअरचे एक मत आणि १८०० ची अध्यक्षीय निवडणूक

न्यू कॅसल, केंट आणि ससेक्स असे अवघे तीन जिल्हे असलेल्या डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ रोजी, इतर सर्व राज्यांच्या आधी, अमेरिकेच्या राज्यघटनेला मान्यता दिली होती. १८०० साली तेथील लोकसंख्या जेमतेम ६४ हजार, म्हणजे १६ राज्यांत सर्वांत कमी होती. निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी मत देणारे राज्याचे प्रतिनिधी, निवडण्याचा अधिकार विधिमंडळाकडे असल्याने आणि तेथे फेडरलिस्ट पक्षाचे वर्चस्व असल्याने राज्याच्या तिन्ही निर्वाचकांनी जॉन अ‍ॅडम्स व चार्ल्स पिंकनी यांना मते दिली. त्यात अनपेक्षित असे काही नव्हते.

पेच निर्माण झाला तो घटनेतील त्रुटीमुळे. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावांना मत द्यायचे, परंतु त्यांतील अध्यक्षपदासाठी कोणते हे नोंदवायचे नाही, अशी तेव्हाची पद्धत होती. त्यामुळे डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाचे (आजच्या रिपब्लिकन पक्षाहून वेगळा) थॉमस जेफरसन आणि त्यांचेच सहउमेदवार एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडून निवड अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथे राज्य लहान असो वा मोठे, त्याला एकच मत होते आणि विजयासाठी ९ राज्ये आवश्यक होती. ११ फेब्रुवारी १८०१ पासूनच्या ३५ फेऱ्यांत जेफरसन ८ आणि बर ६ राज्यांवर अडून राहिले; व्हरमाँट व मेरीलँडचे प्रतिनिधी समसमान विभागलेले होते.

डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड फेडरलिस्ट होते आणि बर यांना मत देत होते. स्वसंरक्षणाची साधने नसलेल्या सर्वांत लहान राज्याचे अस्तित्वच राज्यघटनेवर अवलंबून असल्याने ती पणाला लावणे आपल्याला शक्य नव्हते, असे त्यांनी नंतर अ‍ॅडम्स यांना कळवले. बर यांना मत देणे त्यांनी अखेर थांबवले, त्यामागची ही भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १७ फेब्रुवारीला ३६व्या फेरीत त्यांनी कोरी मतपत्रिका टाकली, दक्षिण कॅरोलायनानेही तेच केले, आणि व्हरमाँट व मेरीलँडमधील फेडरलिस्टांनी माघार घेतल्याने जेफरसन १० राज्यांच्या मतांनी निवडून आले. म्हणजे डेलावेअरचे मत जेफरसन यांना मिळाले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मेरीलँडचे सॅम्युअल स्मिथ यांच्यामार्फत जेफरसन यांच्याकडून काही आश्वासने मिळाली होती, असे बेयर्ड यांनी पुढे साक्षीत सांगितले. जेफरसन यांनी ते नाकारले.

अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मते ठरवणारी बारावी घटनादुरुस्ती १८०४ मध्ये लागू झाली, परंतु डेलावेअरने ती फेटाळली होती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जेफरसन यांनी बहुतेक राज्ये जिंकली, तेव्हाही कनेक्टिकटप्रमाणेच डेलावेअरची तिन्ही मते पिंकनी यांनाच गेली.