वाफेच्या लाइनचा व्यास

बॉयलरमधली वाफ वापराच्या जागी पुरेशा दाबाने आणि कोरडी पोहोचावी, यासाठी पाइपचा आतला व्यास हिशेबाने ठरवावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातले साखर कारखाने, इचलकरंजीची सायझिंग (सुताला खळ लावणारी) आणि प्रोसेस हाउस (कापड धुणारी-रंगवणारी), दूध प्रक्रिया प्रकल्प या सगळ्यांचे काम वाफेवर चालते. तरीही लाइन टाकताना अनेकदा व्हॉल्व्हच्या किंवा यंत्राच्या फ्लँजला (बोल्टने आवळायच्या जोड-चकतीला) जुळेल तोच पाइप जोडला जातो. हा आधार चुकीचा आहे. फ्लँजच्या मापावरून लाइनमधून ताशी किती वाफ जाणार हे कळत नाही.

ताशी किती किलो वाफ लागते, तिचा दाब किती आणि तिला किती वेगाने जाऊ द्यायचे, यांवर व्यास ठरतो. संपृक्त वाफेच्या (त्या दाबाच्या उत्कलनबिंदूलाच असलेल्या वाफेच्या) मुख्य लाइनसाठी सेकंदाला 25 ते 35 मीटर वेग सर्वसाधारणपणे योग्य मानतात. अतितप्त, म्हणजे त्याहून जास्त तापवलेल्या वाफेला याहून जास्त चालतो. समजा, गेजवर (दाबमापकावर, म्हणजे हवेच्या दाबाच्या वर) 7 बार दाबाची 1000 किलो वाफ ताशी न्यायची आहे. या दाबाला एक किलो वाफ सुमारे 0.24 घनमीटर जागा घेते, म्हणजे प्रवाह सेकंदाला 0.067 घनमीटर. 25 मीटर वेग धरला तर व्यास साधारण 58 मिमी येतो. 65 मिमीचा पाइप घ्यावा. 50 मिमी नाममात्र मापाच्या पाइपात (आतून सुमारे 52.5 मिमी) वेग 31 मीटरच्या आसपास जाईल, तोही मर्यादेत, पण दाबाची घट जवळपास अडीचपट होईल. अंतर थोडे असेल तर तो चालून जातो, लांबच्या लाइनला नाही.

आता हीच वाफ प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हनंतर (दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हनंतर) 1 बारला आली, की एका किलोला 0.88 घनमीटर जागा लागते आणि हिशेबाचा व्यास 112 मिमी होतो. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना एकच माप ठेवणे ही म्हणूनच गंभीर चूक ठरते. साखर कारखान्यात टर्बाइनमधून बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ बाष्पीभवन संचाकडे नेणारे पाइप इतके मोठे दिसतात, त्याचेही कारण हेच.

प्रवाह तोच ठेवून व्यास निम्मा केला तर दाबाची घट सुमारे 32 पट होते. म्हणून ‘मोठाच टाकू’ असा कल होतो. पण मोठ्या पाइपाचा खर्च जास्त, पृष्ठभाग जास्त, उष्णतेची गळती जास्त आणि कंडेन्सेटही (वाफ थंड होऊन झालेले पाणी) जास्त. नसलेल्या यंत्रांच्या आशेवर माप वाढवू नये. विस्तार नक्की ठरला असेल तरच तो हिशेबात धरावा. सगळी यंत्रे एकदम सुरू होतानाची मागणी मात्र धरलीच पाहिजे.

भारतीय बॉयलर कायदा, 1923 नुसार 3.5 किलो प्रति चौ. सेंमीपेक्षा जास्त दाबाची लाइन ‘स्टीम पाइप’ ठरत असे; 1 किलोपेक्षा जास्त दाबाला 254 मिमीहून मोठ्या व्यासाची लाइनही त्यातच मोडे.

व्यास बरोबर असूनही पाणी साचले तर वॉटर हॅमर होतो, म्हणजे वाफेने ढकललेले पाणी जोरात आदळते, आणि त्याने फिटिंग फुटून माणसे भाजू शकतात. मुख्य लाइनला प्रवाहाच्या दिशेने 100 मीटरला सुमारे 1 मीटर उतार आणि दर 30 ते 50 मीटरवर ड्रिप लेगसह (पाणी गोळा होण्यासाठी खाली काढलेल्या पाइपाच्या तुकड्यासह) स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) असावा. आडव्या लाइनचे माप बदलताना रिड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा) विकेंद्री, म्हणजे एक बाजू सरळ असलेला, घ्यावा आणि त्याची सपाट बाजू खाली ठेवावी. समकेंद्री रिड्यूसरमागे तळाशी पाणी अडून राहते.